थिजलेल्या कुप्या

१

डॉ. रुचीने कुपी उलटी धरली आणि आतलं औषध खाली आलंच नाही.

तिने दुसरी उलटी केली. मग तिसरी. ट्रेमधल्या सगळ्याच कुप्यांची तीच गत. काल संध्याकाळी पाण्यासारखं पातळ असलेलं औषध काचेच्या तळाशी दह्यासारखं लागून बसलं होतं. दारात उभ्या असलेल्या शामकला राहांगडाले यांनी ते पाहिलं आणि, खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात पहिली उकळी फुटली ती आनंदाची. मग त्यांनी चेहरा पाडला. चेहरा पाडणं त्यांना चांगलं जमायचं.

खांद्यावरची पिशवीही त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. अर्जुनी मोरगावला भावाकडे मुक्काम करून त्या सकाळच्या एसटीने थेट कॉलेजात आल्या होत्या. बिरसीच्या वाटेवर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध उभं असलेलं हे औषधशास्त्राचं कॉलेज. इथे बाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि ते गेलं होतं एका पाल्यापायी. बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या काठाला आपसूक उगवणारी मंडूकपर्णी! लकवा मारल्यावर मेंदूचा जो भाग मरतो, त्याच्या आजूबाजूच्या पेशींना या पाल्याचा अर्क पुन्हा फुटवे आणतो, असं त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. पण मेंदूला आपली एक वेस असते. तोंडाने द्या की सुईने, औषध त्या वेशीवरच अडतं. ते आत कसं न्यायचं, हे कोडं बाईंना सुटत नव्हतं.

ते सुटलं दोन वर्षांपूर्वी हैदराबादहून शिकून आलेल्या रुचीला. झिंग्याच्या टरफलापासून काढलेल्या पदार्थाचा तिने असा जेल केला, की थंड असताना पातळ आणि अंगाच्या उबेला घट्ट. अर्क त्यात कालवून बारीक सुईने थेट मेंदूतल्या पोकळीत सोडायचा. तो तिथे थिजतो आणि औषध हळूहळू झिरपत राहतं. मागचे पाय फरफटत नेणारे उंदीर चालायला लागले.

पेपरात फोटो आला तो रुचीचा, तळहातावर उंदीर घेऊन. बातमीच्या शेवटी 'एका सहकारी प्राध्यापिकेचे सहकार्य लाभले' असं होतं. बाईंना ती ओळ पाठ होती. दुखणी आणखीही होती. रुचीसाठी नवा फ्रिज आला, रुचीच्या खोलीला एसी बसला. बाई कुप्यांना ऊब द्यायची तर त्यांची दोऱ्याने जुडी बांधून कोमट पाण्यात सोडत. धानाच्या रोवण्याच्या वेळी आई पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची पेंडी बांधायची तशी, एकेका कुपीच्या गळ्याभोवती दोरा फिरवून, पिळून, टोक आत खोचून, गाठ न मारता. ते बघून रुची हसली होती, "शामकलाबाईंची पेंडी!" आणि नागपूरहून प्लास्टिकचा तरंगता स्टँड मागवला होता. हसण्यासारखं काय होतं त्यात, हे बाईंना आजतागायत कळलं नव्हतं.

"काल रात्री लाईट नव्हती ना जी," मागून आचल म्हणाली. आचल ही बाईंची पीएचडीची विद्यार्थिनी. तिचं गाव लांब, म्हणून ती गोंदियात बाईंच्याच घरी राहायची. "आपल्या घरी तं रातभर पंखा बंद होता."

रुची मटकन स्टुलावर बसली. "इन्व्हर्टरचा स्विच मी ऑन केलाच नाही," ती म्हणाली. "फ्रिज रात्रभर बंद राहिला असणार. गलती माझीच आहे."

एकदा थिजलेला हा जेल पुन्हा थंड करून पातळ होत नाही. आणि नागपूरची तज्ज्ञांची समिती दुपारी येणार होती. प्रकल्प पुढे चालवायचा की गुंडाळायचा, हे ती या कुप्या बघून ठरवणार होती.

प्राचार्य दुर्गाप्रसाद बिसेन यांनी बाईंना खोलीबाहेर घेतलं. "शामकलाबाई, समितीला काय सांगू मी? तुम्ही काल इथे नव्हत्या, म्हणून तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. दुपारपर्यंत छडा लावा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि रुचीचाच हलगर्जीपणा निघाला, तर तिचं कंत्राट संपलं समजा. प्रकल्प तुमच्याकडे येईल."

प्राचार्य भले गृहस्थ होते. ज्याला लाडू मिळणार त्यालाच पंच नेमतो आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

२

प्रयोगशाळेची किल्ली चौघांकडे असायची. रुची, तिची विद्यार्थिनी टीना, मलमांवर काम करणारा भूपेंद्र कटरे आणि आचल.

बाईंनी आधी भूपेंद्रला बोलावलं. तो बिरसीचाच, घरची धानाची शेती, बोलणं रोखठोक.

"मी काऊन बिघडवन कोनाचं काम?" तो बसायच्या आधीच म्हणाला.

"तसं कुठे म्हटलं मी? काल सायंकाळी तुझं आणि रुचीचं भांडण झालं म्हणतात."

"झालं ना जी! माझी टोरीच्या तेलाची बाटली त्या मॅडमनं फ्रिजात पार कोपऱ्यात कोंबली. एका कडेवर कलंडून पडली होती बिचारी चार-पाच दिवस. मी म्हटलं, मॅडम, मोहाच्या बियांचं तेल बी औषधच आहे, त्याले बी जागा पायजे. तिच्या ट्रेमागे ट्रे! शेवटी तिच्यासमोरच जागा केली अन् बाटली सरळ उभी ठेवली. मग गेलो घरी."

"म्हणजे फ्रिजला शेवटचा हात तुझा?"

"तिनं माझ्यामागून कुलूप लावलं, तिलेच विचारा." मग तो जरा ओशाळला. "जळतो मी तिच्यावर, नाही कायले म्हनू? पन उंदीर चालून राहिले बाई. मी सोता पाह्यले. आमच्या मायलेही लकवा मारला होता. ते कुप्या नासवाले माझा हात उचलला नसता."

"तुमच्याकडे लाईट गेली होती काल?"

"बिरसीत तं होती. कॉलेजची लाईन कोनती, मले ठाऊक नाही."

बाईंनी त्याला सोडलं. त्यांना भूपेंद्रबद्दल थोडा जिव्हाळा वाटला. रुचीवर जळणारा कोणीही त्यांना आपला वाटे.

मग टीना आली. ती आवारातल्याच होस्टेलमध्ये राहायची. शोधनिबंधात तिचं नाव पार खाली टाकलं गेलं, म्हणून ती महिनाभर रुचीशी नीट बोलत नव्हती.

"मॅडम, कसम से, मी काहीच केलं नाही," तिला रडूच फुटलं. "होस्टेलला जनरेटर आहे, त्यामुळे लाईट गेली की नाही तेही नाही माहीत. सकाळी मी उंदरांना दाणे टाकायला आले तेव्हा लॅबमध्ये कोणी नव्हतं. फक्त वॉटर बाथच्या झाकणाला आतून वाफ धरली होती. मला वाटलं, रुची मॅडम लवकर येऊन काही करून गेल्या असतील."

"वॉटर बाथ चालू होता?"

"बंद होता. पण पाणी कोमट होतं. मी हात लावून बघितलं ना."

बाई उठल्या. वॉटर बाथ म्हणजे ठरवलेल्या उबेचं पाणी ठेवणारी पेटी. रात्री लाईट गेली, फ्रिज तापला, औषध थिजलं, एवढंच घडलं असेल तर भल्या सकाळी या पेटीतलं पाणी कोमट कशाला?

त्यांनी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात भूपेंद्रची बाटली दिमाखात उभी होती. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं आणि जराशी ऊब लागली की सैल होतं. आत गोठलेलं तेल पांढरट दिसत होतं. बाईंची नजर त्याच्या वरच्या बाजूवर गेली आणि तिथेच अडकली.

बाटली सरळ उभी होती. तेल मात्र एका बाजूला वर चढलेलं, तिरपं गोठलेलं होतं.

चार दिवस कलंडून पडलेली असताना ते तसं गोठलं होतं. काल संध्याकाळी भूपेंद्रने बाटली उभी केली. त्यानंतर फ्रिज रात्रभर तापला असता, तर तेल वितळून सपाट झालं असतं. ते तिरपंच होतं. म्हणजे फ्रिज क्षणभरही तापला नव्हता, कॉलेजातली लाईट गेलीच नव्हती.

कुप्या कोणीतरी बाहेर काढून, मुद्दाम उबवून, परत आत ठेवल्या होत्या.

३

आता खरं सांगायचं तर इथे बाईंच्या तपासाला मत्सराने भलत्या वाटेला लावलं. कोणी केलं असेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. रुचीनेच केलं हे कसं सिद्ध करायचं, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता.

आणि सगळं कसं चपखल बसत होतं! कुलूप लावून शेवटी गेली ती रुची. चूक पदरात घ्यायला पुढे सरसावली तीही रुची. इतकी तत्परता? माणूस छोटा गुन्हा कबूल करतो तो मोठा झाकायला. जेल मुळात फसवा असेल, समितीपुढे उघडा पडला असता, म्हणून रातोरात नासवला आणि खापर लाईटवर फोडलं. बाईंना हे इतकं आवडलं, की त्या कॉरिडॉरमधून जाताना जवळजवळ गुणगुणतच होत्या.

रुची प्रयोगशाळेतच होती. तिने नवा जेल कालवायला घेतला होता. तो दुपारपर्यंत होणार नाही हे दोघींनाही माहीत होतं.

"फ्रिज बंद पडलाच नव्हता," बाई म्हणाल्या. तेलाचं सगळं सांगितलं. "कोणीतरी वॉटर बाथमध्ये कुप्या उबवल्या. तूच ना?"

रुची त्यांच्याकडे बघतच राहिली. "मी?"

"तुझा जेल काम करत नसेल. समितीपुढे अब्रू जाण्यापेक्षा..."

"शामकलाबाई," रुचीचा आवाज चढला, "जेल काम करतो. पण नुसता करत नाही. तुमच्या अर्काशिवाय मी उंदरांना कोरा जेल देऊन बघितला आहे. एक उठला नाही. मी ते कोणाला सांगितलं नाही. का माहीत आहे? कारण सांगितलं असतं तर हे काम तुमचं झालं असतं, आणि मी नुसती सुई भरणारी उरले असते."

बाईंनी टेबलावरच्या आपल्या अर्काच्या बाटलीकडे पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं, जळायला तुम्हालाच येतं?" रुचीने हातमोजे ओढून काढले. "मी इथे मॅडम आहे. टीना माझ्याशी कामापुरतं बोलते. तुम्ही बाई आहात. मुलं तुमच्या घरी जेवतात, तुमची बोली बोलतात. आचल तुमच्या मागे सावलीसारखी असते. मी तिला एकदा डब्यातलं खायला दिलं तर म्हणाली, बाई वाट बघत असतील. मला घरी जाऊन रडू आलं."

हे ऐकून बाईंना लाज वाटायला हवी होती. वाटली पण थोडीशीच. जास्त वाटलं ते सुख. रुचीला आपलं काहीतरी हवं होतं आणि ते तिला मिळत नव्हतं!

"मी उबवल्या असत्या तर या स्टँडमध्ये," रुची म्हणाली आणि पिवळा प्लास्टिकचा स्टँड त्यांच्यापुढे सरकवला. तो कोरडा ठणठणीत होता. भोकांत धूळ बसली होती. "पंधरा दिवसांत याला पाणी लागलेलं नाही."

बाईंनी थिजलेली एक कुपी उचलली. गळ्याखालच्या कागदी चिठ्ठीवरची शाई फुटली होती. सकाळी त्यांनी ते पाहिलं होतं आणि फ्रिजमधली ओल म्हणून सोडून दिलं होतं. पण ओलीने शाई कशीही पसरते. ही फुटली होती एका बारीक रेघेत, कुपीला गोल वेढा घालून. दुसऱ्या कुपीवर तशीच रेघ. तिसरीवरही, तेवढ्याच उंचीवर.

त्यांनी वॉटर बाथचं झाकण काढलं आणि तळाच्या जाळीत बोटं घातली. हाताला पांढरा दोरा लागला. पिळलेला. टोक आत खोचल्याची मोड अजून त्यात होती. गाठ कुठेच नव्हती.

भूपेंद्र मलमवाला, त्याने कधी कुपी उबवली नव्हती. शिवाय बाटलीची गोष्ट आपणच सांगून आपलंच लाईटचं सोंग तो कशाला उघडं पाडेल? टीना रुचीच्या हाताखाली शिकली, तिला स्टँडशिवाय दुसरं ठाऊक नव्हतं. कुप्यांची पेंडी बांधायला बाईंनी स्वतः शिकवलेलं माणूस आता कॉलेजात एकच उरलं होतं.

"काय सापडलं?" रुचीने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि दोरा मुठीत दाबून बाहेर पडल्या.

४

आचल मागच्या अंगणात मंडूकपर्णीच्या वाफ्याशी बसून पाला खुडत होती. बाईंनी मूठ उघडली. पोरीने दोरा पाहिला आणि खुडलेला पाला हळूच खाली ठेवला.

"काऊन केलंस?"

"तुमच्यासाठीच जी."

"मी सांगितलं होतं तुला?"

"रोज तं सांगत होत्या." आचलच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखरच नवल वाटत होतं. "जेवाले बसलं की रुची. झोपाच्या आधी रुची. तिनं माझं खाल्लं, तिनं माझं नेलं. त्या दिवशी तुमी ताटावरून उठून गेल्या. मले पाहवलं नाही जी. काल लाईट गेली, गरमीनं झोप नव्हती. मनात आलं, फ्रिज बंद पडला असं सारे म्हनतीन. पहाटेच आली. कोमट पान्यात सोडल्या, थिजल्या, ठेवून देल्या. वाटलं, आता तरी बाई पोटभर जेवतीन."

या मुलीचा बाप शालीकराम तिला बाईंच्या दारात सोडून गेला होता तेव्हा म्हणाला होता, तुमच्यासारखी घडवा. घडवली होती खरी.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. समिती आली होती.

बाई तरातरा प्रयोगशाळेत गेल्या. आत कोणी नव्हतं. त्यांनी फ्रिज उघडला आणि तेलाची बाटली काढून दोन्ही तळहातांत धरली. हिशेब सरळ होता. तेल सपाट झालं की पुरावा संपला. लाईट गेली असंच सगळे धरून होते, रुचीने इन्व्हर्टर लावला नव्हता, तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. तेलाचं तिने फक्त ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आचल वाचत होती. प्रकल्प घरी येत होता. फोटो, नाव, सगळं. करायचं काहीच नव्हतं, फक्त बाटली धरून उभं राहायचं होतं.

काचेच्या कडेने तेल सुटायला लागलं. पांढऱ्याचं पिवळं झालं.

आणि बाईंना दिसलं ते पुढचं. आचल ताटावर समोर बसेल. रुची गेलेली असेल. मग त्या दुसऱ्या कोणावर तरी जळतील, कारण जळल्यावाचून त्यांचा दिवस जात नव्हता. आणि ही पोर ते ऐकेल आणि पुन्हा पहाटे उठेल. या वेळी थिजल्या त्या कुप्या होत्या.

त्यांनी बाटली तशीच उचलली आणि प्राचार्यांच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवली. समितीतले लोक चहा घेत होते. रुची भिंतीशी उभी होती.

"फ्रिज बंद पडला नव्हता," बाई म्हणाल्या. "हे तेल तिरपं गोठलेलं आहे, बघा. कड सुटली आहे ती माझ्या हाताच्या उबेने. मी पुरावा मोडायला निघाले होते. कुप्या माझ्या विद्यार्थिनीने उबवल्या, आचलने. पण तिच्या डोक्यात ते मी भरलं, रोज, दोन वर्षं. रुचीची काही चूक नाही. आणि जेल चालतो. मला आवडो न आवडो, तो चालतो."

दाराशी आचल येऊन उभी राहिली होती.

समितीच्या अध्यक्षबाईंनी थिजलेली कुपी उलटीसुलटी करून पाहिली, चालणारे उंदीर पाहिले, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी पुन्हा येऊ म्हणाल्या. प्रकल्प वाचला. ते निघून गेल्यावर दुर्गाप्रसाद सरांनी कपाळ पुसलं. "मुलीवर पोलिसात तक्रार करावी लागेल. कॉलेजातून तर काढावंच लागेल."

"नाही," रुची म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तक्रार मी देणार नाही. जे नासवलं ते तिने स्वतःच्या हाताने परत बनवावं. पण ती बाईंच्या हाताखाली राहणार नाही. माझ्या हाताखाली काम करेल, आणि राहील माझ्याच घरी. माझी एवढीच अट आहे."

रुचीच्या चेहऱ्यावर दया होती, यात शंका नाही. पण दयेच्या आड आणखी काही होतं आणि बाईंनी ते तात्काळ ओळखलं. इतकी वर्षं ते त्यांच्याच पोटात होतं.

"बाई," आचल रडत म्हणाली, "जाऊ का जी मी?"

नाही म्हटलं असतं तर पोरीचं आयुष्य गेलं असतं.

"जा," बाई म्हणाल्या. "पाला खुडून झाला का, तेवढं बघ."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा नव्या कुप्या तयार झाल्या. अर्क बाईंचाच होता. बातमीत या वेळी दोन्ही नावं आली, एकाच आकाराच्या अक्षरांत. बाईंनी ती वाचली आणि घडी करून ठेवून दिली. त्यांना काहीच वाटलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

त्या दुपारी त्या अर्काची बाटली द्यायला रुचीच्या खोलीकडे गेल्या. काचेतून आत दिसत होतं. आचलने कुपी उलटी धरली होती. औषध सरसर खाली आलं तशी ती हसली, आणि रुचीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग दोघी एकाच डब्यातून जेवायला बसल्या. आचलने भात कालवला आणि पहिला घास रुचीला दिला.

बाईंनी बाटली दाराशी ठेवली आणि त्या परत फिरल्या. नावासाठी, फोटोसाठी, नव्या फ्रिजसाठी त्या आजवर जळल्या होत्या ते सगळं किरकोळ होतं. खरं जळणं त्यांना आज कळलं, आणि ते बोलून दाखवायला घरात आता कुणी उरलं नव्हतं.